शून्य ते सहा : आपली लेकरे, अंगणवाडी आणि आपले विहार

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतिराव फुले, सावित्रीमाई, माता रमाई आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून आम्ही बोलायला उभे आहोत. समितीने आम्हाला ‘धम्म आणि समाज’ असा विषय दिला. विषय फार मोठा आहे. आम्ही राईस मिलमध्ये कट्टे उचलणारा माणूस, शाळा लवकर सुटली, पुढे जे वाचले ते याच विहाराच्या कपाटातले. म्हणून समाजाचे सगळ्यात लहान टोक तेवढे धरतो. ज्यांना अजून ‘बुद्धं सरणं’ म्हणता येत नाही, ती लेकरे.

गेले काही महिने वस्तीत एकच चर्चा आहे. विहाराच्या मागची खोली, जिथे आपण सतरंज्या, भोंगे आणि जयंतीच्या मिरवणुकीचे सामान ठेवतो, ती दिवसा अंगणवाडीला द्यायची की नाही. काहींचे म्हणणे द्यावी. काहींचे म्हणणे विहार हे वंदनेचे ठिकाण, तिथे खिचडीचा वास आणि लेकरांची शी-शू नको. दोन्हीकडची माणसे आपलीच आहेत, तेव्हा भांडण्यासारखे काही नाही. आम्ही द्यावी म्हणणारे आहोत. का, ते सांगतो.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण धान, बिडी आणि तेंदूपत्ता ही तीन कामे त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांना चिकटलेली आहेत. या तिन्ही कामांत बाई आहे, आणि तिच्या कमरेवर लेकरू आहे. रोवणीच्या दिवसांत सकाळी नाक्यावर गाडी उभी राहते, बाया जातात त्या दिवस मावळता परत येतात. चिखलाच्या बांधीत लेकराला नेऊन करायचे काय? धुऱ्यावर झोपवले तर विंचूकाट्याची भीती. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला तर अख्खे घर पहाटेच जंगलात.

बिडीचे मात्र लोकांना वेगळे वाटते. ‘बाई घरीच तर असते, लेकरू पाहतेच की!’ आम्ही म्हणतो, जरा जाऊन पाहा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, लेकरू पाठीला लागलेले. हजाराचा हिशोब पुरा झाला नाही तर मजुरी कमी, आणि खराब म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. हात थांबवून ती लेकराला भरवेल कशी? १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात पाळणाघराचे कलम होते, पण ते कारखान्याच्या जागेला. काम कारखान्यातून उठून घरोघरी आले, पाळणाघर मात्र कायद्याच्या पुस्तकातच बसून राहिले.

मिलचे तसेच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवा, असे होते. १९७६ ला ती संख्या तीसवर आणली. आम्ही ज्या मिलमध्ये आयुष्य काढले तिथे धान वाळवणाऱ्या, पाखडणाऱ्या रेजा मोप होत्या. पण हजेरीच्या वहीत तीस नावे कधी एकत्र आली नाहीत. ठेकेदाराच्या बाया ठेकेदाराच्या वहीत, आणि त्या वहीचे दर्शन कोणाला नाही. लेकरे दोन खांबांना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. वरून कोंड्याची धूळ.

मग ही लेकरे सांभाळते कोण? याचे उत्तर सगळ्या बायांना माहीत आहे. आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण. शाळेच्या पटावर तिचे नाव असते, पण रोवणीत ती गैरहजर, तेंदूत गैरहजर, भावाला ताप आला की गैरहजर. पाचवी-सहावीत गेल्यावर मास्तर म्हणतो, पोरगी कच्ची आहे. पोरगी कच्ची नाही, तिने दोन लेकरे वाढवली आहेत. आपण सावित्रीमाईच्या फोटोला हार घालतो, तेव्हा या पोरीची आठवण ठेवली पाहिजे. लहान्याला दिवसा बसायला जागा झाली की त्याच्यासोबत तिचीही शाळा चालू राहते.

आता अंगणवाडी म्हणजे काय? वस्तीत विचारले तर उत्तर येते, ‘भाऊ, पोराले खिचडी देतेत, अजून काय देतेत?’ खिचडी हा तिचा एक भाग आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात तेव्हा दोन जागा निवडल्या होत्या, मेळघाटातले धारणी आणि मुंबईची धारावी. एक जंगल, एक झोपडपट्टी. निवड बरोबर होती. नाव तर त्याहून जुने आणि आपल्याच मातीतले. ताराबाई मोडक यांनी १९४५ ला बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरिबांची आणि आदिवासींची लेकरे बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. म्हणजे लेकराने चालत सरकारकडे जायचे नाही, सरकारने लेकराच्या दारी यायचे, हा विचार त्या नावातच आहे. आपल्या वस्तीला हे उलटे झाले आहे. जवळची अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि त्या रस्त्यावरून धानाचे ट्रक दिवसभर धावतात. तीन वर्षांचे लेकरू ते ओलांडेल?

योजनेत सहा गोष्टी एकत्र बांधल्या आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्याकडे पाठवणे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळेआधीचे शिक्षण, आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती. ‘एकात्मिक’ हा जड शब्द आहे, पण अर्थ सोपा आहे. लेकराचे पोट, डोके आणि आई वेगवेगळ्या खात्यांत वाटता येत नाही. पोट भरले पण जंत आहेत, तर अन्न जंताला. लस दिली पण आई पंडुरोगी, म्हणजे अंगात रक्त नाही, तर पुढचे लेकरू अडीच किलोच्या आत जन्मणार. गरोदरपणाचे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३०, मिळून हजार दिवस होतात. मेंदूची आणि हाडांची बरीचशी बांधणी त्यात होते. यात जे राहून गेले ते दहावीच्या क्लासची फी भरून परत येत नाही.

आहाराबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार, कारण तांदूळ हा आमचा धंदा. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानाचे ६७ किलो तांदूळ द्यायचे, असा हिशोब चालत आला आहे. बाकी भुसा, कोंडा, कनकी. तांदूळ जितका पांढरा तितका भाव जास्त, म्हणून पॉलिश मारायचे. पण जीवनसत्त्व असते ते त्या वरच्या कोंड्यातच. ते तेलाच्या कारखान्याला आणि ढोरांना जाते, आपल्या ताटात पांढराशुभ्र स्टार्च येतो. आपली म्हातारी माणसे उसना तांदूळ खायची, धान उकडून मग कांडलेला. उकडताना कोंड्यातला बराचसा कस दाण्यात उतरतो. त्यांना शास्त्र माहीत नव्हते, पण जीभ शहाणी होती. आज लेकराला सहा महिन्यांनंतर वरचा आहार म्हणून काय मिळते? भाताची पातळ पेज, नाहीतर पाच रुपयांचा बिस्कीटचा पुडा. पोट फुगते, वजन वाढत नाही. डाळ, अंडे, शेंगदाणा, पालेभाजी, तेलाचा एक चमचा, हे नसेल तर तांदळाच्या गावात लेकरू उपाशीच आहे.

म्हणून अंगणवाडीच्या आहाराला उपकार समजू नका. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क केला. सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे त्या वेळी कायद्याच्या अनुसूचीत लिहिले. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईलाही आहार, तोही मोफत. आणि हा आहार कोणी द्यायचा, यावरही लढाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ लाच सांगितले होते की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावातले बचत गट आणि महिला मंडळे घ्या. तरी मोठ्या पुरवठादारांना सोयीच्या अटी निघतच राहिल्या, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने महाराष्ट्राच्या घरपोच आहाराच्या निविदा रद्द केल्या. बचत गटाच्या भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दवाखान्याकडे पाठवणे ही सेवा लोक विसरतात. आपल्या विदर्भात, आणि विशेष करून आपल्या व आदिवासी बांधवांच्या घरांत, सिकलसेल आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका असतो की लेकरू रोगी जन्मेल. सारखा ताप, हातापायाचे सांधे दुखणे, डोळे पिवळे, आणि आपण ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मिरची उतरवत बसतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शोभत नाही, आणि लेकराचे दिवसही वाया जातात. लवकर कळले तर औषधाने पुष्कळ त्रास टळतो. ही शंका सगळ्यांच्या आधी कोणाला यावी? जी बाई महिन्याला लेकराचे वजन करते तिला. तिच्याकडे दंड मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की तो लाल. अशा लेकराला शेतात किंवा सोयऱ्याकडे घेऊन जायचे नाही, दवाखान्यात न्यायचे. एवढी साधी पट्टी आहे, पण ती कोणाच्या तरी हातात आणि लेकराच्या जवळ असली पाहिजे.

बाबासाहेबांनी या विषयात काय केले, हे जयंतीच्या भाषणात फारसे येत नाही. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळण्यात देशाचे हित आहे, आणि या खर्चाचा भार सरकारनेही घ्यावा, ही त्यांची मांडणी होती. १९२९ ला तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा कायदाही त्यांनी पुढे नेला. २३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत कोणी म्हणाले, मोफत शिक्षण फक्त प्राथमिकपुरते ठेवा. बाबासाहेबांनी ते मानले नाही. चौदा वर्षांच्या आत लेकराला कामाला लावायचे नाही असे आपण लिहिले आहे, मग तोपर्यंत ते शिक्षणाच्या जागीच असले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशोब. म्हणून कलम ४५ मध्ये ‘चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतची सर्व मुले’ आली. सुरुवात सहापासून असे तिथे लिहिले नव्हते. पाळण्यातले लेकरूही त्यात होते.

मग २००२ ला ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांना मूलभूत हक्क मिळाला, त्याचे स्वागतच आहे. पण शून्य ते सहा वर्षांची लेकरे कलम ४५ मध्येच, ‘राज्य प्रयत्न करील’ या शब्दांवर ठेवली गेली. आमच्या मते गरिबाच्या लेकराचे सगळ्यात मोठे नुकसान इथे झाले. श्रीमंताचे लेकरू तिसऱ्या वर्षी नर्सरीत जाते. आपले सहाव्या वर्षी शाळेत जाते तेव्हा तीन वर्षे मागे राहूनच जाते, आणि मग आपण गुणवत्तेवर चर्चा करतो.

मात्र हातात काहीच नाही असे नाही. २००१ ला अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यात १३ डिसेंबर २००६ ला आदेश झाला की ज्या गावातल्या किंवा झोपडपट्टीतल्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना आधी द्यावी, असेही त्यात आहे. ‘मागेल त्याला अंगणवाडी’ म्हणा. या आदेशाच्या आधाराने आम्ही पाच-सहा जण दर रविवारी वही घेऊन घरोघरी फिरलो. काही घरांनी विचारले, ‘कायले लिहून राहिले बाप्पा, नळाचे हाय का?’ समजावून सांगितले. चाळीसचा आकडा शेवटची गल्ली यायच्या आधीच पार झाला. कार्यालयात तोंडी विचारणा केली तर उत्तर मिळाले, ‘मागणी ठीक आहे, पण जागा कुठे आहे?’

जागा आहे. या भिंतीच्या मागे आहे.

आता हरकतींकडे येतो. पहिली हरकत विहाराच्या पावित्र्याची. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीची गोष्ट आहे. भगवान बुद्ध तीस योजने चालून आळवीला गेले ते एका गरीब शेतकऱ्यासाठी. त्याचा बैल हरवला होता, तो दिवसभर रानात शोधून उपाशीपोटी धावत आला. सगळे उपदेशाची वाट पाहत बसले होते. भगवंतांनी आधी विचारले, भिक्षूंच्या जेवणातले काही उरले आहे का? त्याला तिथेच जेवू घातले, आणि मग धम्म सांगितला. भुकेल्याला दुःखाची गोष्ट समजत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आळवीत भरसभेत पान वाढले गेले, तर आपल्या मागच्या खोलीत खिचडीने काय बिघडणार? वंदना सकाळ-संध्याकाळ आहे, अंगणवाडी मधल्या चार-पाच तासांची आहे.

दुसरी हरकत कोणी उघड बोलत नाही, पण आहे. ज्या घरांत नोकरी आली त्यांची लेकरे गणवेश घालून ऑटोत बसून जातात. त्यांना वाटते, अंगणवाडी म्हणजे गरिबांची. चांगले आहे, तुमची पोरे शिकली, आम्हाला अभिमान आहे. पण वजन, लस आणि गरोदर सुनेची नोंद यासाठी अंगणवाडी तुमचीही आहे. आणि शिकलेल्या घराची बाई महिन्यातून एकदा येऊन वजनाचा काटा आणि आहाराची वही पाहून गेली, तर तिथे कोणाची टाळाटाळ करायची हिंमत होत नाही.

तिसरी हरकत, बाहेरची लेकरे येतील. येतील! ढिवरांची येतील, गोंडांची येतील, मुसलमानांची येतील. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनी आपल्या दारात लेकरांची जात विचारायची का?

चौथी हरकत व्यवहाराची आहे आणि ती आम्हाला पटते. सरकारी खाते एकदा बसले की उठत नाही. म्हणून कागद करून द्यावा, मुदतीचा. खोली फक्त दिवसा. पौर्णिमा, चौदा एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि वर्षावासाच्या कार्यक्रमांना खोली आपली. किल्ली समितीकडे राहील, सकाळी उघडायची जबाबदारी महिला मंडळाने वाटून घ्यावी. स्वयंपाक खोलीत नको, मागच्या पडवीत गॅसवर. नळ आहे, पण लेकरांसाठी संडास नाही. तो बांधावा लागेल. त्यासाठी आम्ही मिलमधले काही जण एक-एक दिवसाची मजुरी देऊ, विटा-रेतीचे कोणी पाहावे.

आणखी एक सांगायचे राहिले, सेविकेबद्दल. सुरुवातीला १९७५ ला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० आणि न झालेलीला १०० रुपये मिळत. पगार नाही, मानधन. अजूनही शब्द तोच आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी ५२ दिवस संप केला, तेव्हा वस्तीत काहींनी त्यांनाच शिव्या दिल्या. आम्ही कामगार आहोत, संप कशाला म्हणतात ते आम्हाला कळते. ती वजन करते, शिजवून घेते, शिकवते, मोबाईलमध्ये भरते, निवडणुकीचे कामही करते. इथे येणारी सेविका कोणत्याही जातीची असो, तिला ताई म्हणायचे, आणि तिच्या मानधनाचा मोर्चा निघाला तर आपणही चार पावले जायचे.

अर्ज लिहून तयार आहे. तो बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने आहे, सोबत लेकरांची यादी जोडायची आहे, आणि पोच घेतल्याशिवाय तो द्यायचा नाही. त्या पोचेच्या तारखेपासून तीन महिने मोजायचे. येत्या रविवारी वंदनेनंतर समितीची बैठक आहे, ज्यांची हरकत असेल त्यांनी तिथे येऊन मांडावी, मागे बोलू नये. ज्यांच्या घरी सहा वर्षांखालचे लेकरू आहे त्यांनी जन्मदाखल्याची झेरॉक्स आणावी, दाखला नसेल तर लसीचे कार्ड आणावे. ज्या बायांना दिवस गेले आहेत त्यांचेही नाव लिहायचे आहे, लाजू नये. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!